राहून गेलेली तपासणी

कुत्र्याच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले की अर्धा तास बाहेर थांबावं लागतं. माझ्या समोरच्या बाकावर जातिवंत पिल्लं विकणाऱ्या एक बाई होत्या आणि तीन वर्षांपूर्वी त्यांच्याकडून पिल्लू घेतलेले एक काका, तोच कुत्रा पायाशी घेऊन.

“संध्याकाळी चेंडू नीट शोधतो का हो हा?”

“भलतीकडेच हुंगत बसतो. मी म्हटलं, आळशी झालाय लेकाचा. का हो ताई, सगळ्यांनाच बोलावलंत?”

“सातही पिल्लांना. त्यांच्या आईची नजर गेली, काका.”

“पण तिचे डोळे चांगले असल्याचा दाखला होता ना? मला दाखवला होतात.”

“तो आदल्या वर्षीचा. तपासणी दर वर्षी करायची असते. त्या वर्षी नेमकी त्यांची आई माजावर आली, नर ठरलेला होता. म्हटलं, चार वर्षं काही निघालं नाही, आता काय निघणार.”

“मी तारीख बघितलीच नाही.”

“ती मी बघायची होती.”

“हं.”

“आज काही निघालं तर याला मी घेऊन जाते. तुम्हाला दुसरं पिल्लू देते.”

“घेऊन जाता? आणि नातीला काय सांगू, बदलून आणला म्हणून?”

“तसं नव्हतं म्हणायचं.”

“राहू द्या. त्याची आई जिना कसा उतरते आता?”

“मी पुढे उतरते. एकेका पायरीला ‘ये’ म्हणते.”

“किती पायऱ्या आहेत?”

“अकरा.”

“आमच्याकडे बावीस आहेत.”