नावेतला मोर

मंचरच्या स्टँडवर वृषाली घोडेगावच्या गाडीची वाट बघत होती. मागच्या बाकावर एक म्हातारी आपल्या भाच्यावर तापली होती.

"धरणातली ती सिमेंटची नाव तूच केलीस ना, सुदर्शन?"

"मी नुसता फळ्यांचा साचा ठोकला, आत्या. त्यात सिमेंट वतलं, वाळल्यावर फळ्या काढून घेतल्या."

"फळ्या कुटनं आणल्या?"

"ठेकेदारानं आणल्या. बुडणाऱ्या गावांतली दारं व्हती, लई चांगली सागवानी."

"काल बसले मी त्या नावंत. आतल्या अंगाला मोर उमटलाय. माझ्या लेकीनं, हिरानं, ल्हानपणी दारावर खिळ्यानं काढला व्हता तो. नावंत त्याचं तोंड उलटीकडं फिरलंय."

"मला काय ठावं ते तुमचं दार व्हतं? आन् बुडणारच व्हतं की समदं. कामाला तरी आलं."

"कामाला लाव म्हणून मी सांगितलं व्हतं?"

"न्हाई."

"मग उघडं व्हतं का ते?"

वृषालीनं मागे वळून पाहिलं; म्हातारी कमरेच्या कनवटीची गाठ सोडत होती.

"ही बघ किल्ली. पाणी येणार हे मलाबी ठावं व्हतं. तरी कुलूप लावून निघाले व्हते मी."