एकाच रिंगची शाळा

ठाण्यात, स्टेडियमबाहेरच्या रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे खेळाचे एक सर उभे होते. सोबत त्यांच्या संघातली एक मुलगी, काखेत बास्केटबॉल.

"सर, हाफटाइमनंतर बाजू बदलतात हे विसरलेच मी. आपल्याच रिंगमध्ये टाकला बॉल."

"चालतं गं अक्षदा. आपल्या शाळेत रिंगच एक. दुसरीकडे धावायची सवय येणार कुठून?"

"सगळे हसले."

"प्रीती नाही हसली."

"ती कशी हसेल? गेल्या वर्षापर्यंत आपल्याच रिंगवर खेळलेली ना ती. आता काय, प्रायव्हेटवाल्यांनी नेलं तिला, फी माफ केली, बूट दिले."

"म्हणून तर मी स्पर्धेच्या ऑफिसात बोलून आलो. पुढच्या वर्षी आपल्या महापालिकेच्या शाळांचा गट वेगळा करतील बहुतेक. मग फायनल आपलीच समज."

"आणि प्रायव्हेट शाळा?"

"त्यांची स्पर्धा वेगळी, कप वेगळा."

"मग नको, सर."

"अगं, का? जिंकायचं नाही का तुला?"

"जिंकायचंय. पण वेगळं खेळून प्रीतीला कधी हरवणार?"

रांग दोन रिक्षा पुढे सरकली.

"उद्या जरा लवकर ये. समोरच्या भिंतीवर रंगाने दुसरी रिंग काढू. नेम धरायला तरी होईल."

"पूर्ण उंचीवर काढा हां, सर. आपल्यासाठी म्हणून खाली नको."