करवलीचं माप

—तर पहिल्यांदा खटकलं ते त्या शिंप्यामुळे, काकी. लागला का फोन? नुसती रिंग जातेय? जाऊ दे, उचलल्याशिवाय तुमच्या बूथचं मीटर कुठे पडतंय — तर आमच्या स्नेहलचं लग्न, धाकटी माझी, म्हणून किन्हवलीचा शिंपी मापं घ्यायला घरीच बोलावलेला. आत्या झाली, मामी झाली, चुलतबहीण हेतल झाली, मग मी पण हात पसरून उभी राहिले, अशी, शेतातल्या बुजगावण्यासारखी — आणि आई त्याला म्हणते, "हिचं राहू दे." बस, तेवढंच. मी हात खाली घ्यायचे पण विसरले.

का म्हणजे? बाप्तिस्मा घेतला ना मी. इथेच, काळू नदीत. पलीकडे म्हशी डुंबत होत्या, अलीकडे मी. आणि मी कशी — पेनाचं टोपण पडलं तरी दचकणारी! पास्टरांनी डोकं धरून पाण्यात घातलं आणि नेमका तेव्हाच अंगठ्याला खेकडा चावला. मी जी किंचाळत वर आले, काठावरचे सगळे टाळ्या पिटत, "हालेलूया!" आता खेकडा होता हे कुणाला सांगू? एक मावशी अजून विचारतात, तेव्हा तुला काय दिसलं गं? हसा, हसा, मी पण हसते. पण ते खोटं नव्हतं हो. कॉलेजात परीक्षेच्या आधी दरवेळी ओकायचे मी, छातीत नुसती धडधड, आणि घरचे म्हणायचे, नाटकं. प्रभूपाशी बसलं की ती धडधड थांबते. पूर्ण नाय, थोडी. पण थांबते. एवढं मिळाल्यावर सोडेल का कुणी?

परत लावा ना. हो, तोच नंबर. सगळे मांडवात असतील, मेल्यांना ऐकू कुठलं येतंय — उद्या हळद. करवली माहितीय ना? नवरीच्या मागे दिवा घेऊन बहिणीनं उभं राहायचं. लहानपणापासून ठरलेलं, तिची मी, माझी ती. आता म्हणे हेतल उभी राहणार. हेतल! तिच्या हातात कपातला चहा राहत नाय, दिवा राहील? बाबा म्हणाले, "मांडवात देवक बसेल तेव्हा चारचौघांत एकदा हात जोड. मनात तुझ्या येशूचं नाव घे, मी काय आत वाकून बघतो? जोडलेस तर करवली तू. नायतर मांडवात पाय नको ठेवू." पास्टरांना विचारलं, तर ते डोळे मिटून म्हणतात, शिष्य व्हायचं तर किंमत मोजावी लागते, ताई. यांचं काय जातंय? यांच्या बहिणींची लग्नं कधीच उरकली, पोरं शाळेत जातात! म्हणून मुरबाडला मैत्रिणीकडे येऊन बसले, विचार करायला. बाबांना आज उत्तर पायजे.

जोडते म्हणणार. ठरलंय माझं. वाटेनं पाठ करत आले. हात काय, थंडीत चोळताना पण जवळ येतातच. मग प्रभू आणि मी बघून घेऊ — तो नाय रागवायचा, मी किती भित्री ते त्याच्याइतकं कुणाला माहितीय? रागाची नायच भीती, काकी. भीती कसली तर — एकदा जोडले, बाबा खूश झाले, आई हसून बोलली, की मला ते इतकं आवडेल ना, इतकं गोड लागेल, की मी परत फिरायचीच नाय. आणि मग कधी धडधड सुटली, तर मी जाऊ कुठे? कुणापाशी बसू? — नाय नाय, जोडते म्हणणार. म्हटलं ना. स्नेहल वाट बघत असेल हो माझी, ती रडायला लागली की तिचं नाक असं लाल—

थांबा. उचलला. हॅलो? बाबा? — हो, मीच. — जेवले. — हो, ठरलं. — नाय, बाबा. नाय जोडणार. — हॅलो? बाबा, आहात ना? — काकी, तुम्ही बाहेर थांबा जरा. दार ओढून घ्या.