पाण्याच्या चित्रावर बोट

लेक : ...तर गरज नाही, असं लिहा बाई. ठळक अक्षरात लिहा. आणि तुम्ही हो काका, मान खाली. मागून केस कापतेय, पुढून नाही.

बाई : ताई, मी अजून प्रश्न विचारलाच नाही.

लेक : प्रश्न काय असणार? हॉस्पिटलातून फोन आला तेव्हाच कळलं. ज्यांना बोलता येत नाही त्यांना बोलायचं साधन लागतं का, कुणाला मिळालं, कुणाला नाही, त्याची पाहणी. आमच्या बाबांना मिळालंय. हा काय, त्यांच्या मांडीवर.

बाई : हा पुठ्ठा?

लेक : पुठ्ठा म्हणू नका हो. घरी सोडताना हॉस्पिटलने दिलाय, वर प्लॅस्टिक चढवून. चित्रावर बोट ठेवायचं. पाणी, जेवण, औषध, संडास, दुखतंय. संपलं. माणसाला आणखी काय लागतं?

बाई : तुम्हाला आज सकाळपासून काय काय लागलं?

लेक : मला? उठल्या उठल्या नळवाल्याशी भांडले. मग समोरच्या दुकानाच्या नव्या पाटीला नावं ठेवली. मग शेजारणीला तिच्या सुनेबद्दल... बरं, बरं. पोचला टोमणा.

बाई : टोमणा नाही ताई. हाच माझा पहिला प्रश्न. या पुठ्ठ्यावर ‘नावं ठेवणे’ असं चित्र नाही. तुमचे बाबा, हे वस्ताद, आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या खुर्चीमागे उभे राहिले ते मुकाट्याने?

लेक : मुकाट्याने! अहो, बाबांनी नावं ठेवली नाहीत असं डोकं या रस्त्यावर शोधून सापडायचं नाही. कात्री हळू, जीभ जोरात. आणि एकाचं उरकलं की ‘पुढचा!’ अशी हाळी द्यायचे, की कोपऱ्यावर बसची वाट बघणारी माणसंसुद्धा एक पाऊल पुढे सरकायची.

बाई : आणि आता?

लेक : अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून जीभ वळत नाही. नुसते हुंकार. डोकं शाबूत आहे हां, पेपर अजून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. उजवा हात गेला. डाव्याने लिहायला दिलं तर कागदावर मुंग्या धावल्या. बाबा हॉस्पिटलात असतानाच आमचे दोन्ही कारागीर उठले आणि समोर दुकान थाटून बसले. मग धरली मी कात्री.

बाई : आधी शिकला होतात?

लेक : चोरून. मला दुकानात यायला बंदी. ‘पोरीचं इथे काय काम?’ मग आईचं, आत्याचं, शेजारणींचं डोकं घरी मागच्या ओट्यावर भादरून शिकले. दुकान उघडलं तेव्हा सुरुवातीला नुसते टक्कलवालेच यायचे. नुकसान होऊन होऊन काय होणार, म्हणून. आता बघा बाकाकडे.

बाई : बघतेय. बाक भरलाय, दोघं भिंतीला टेकून उभे आहेत.

लेक : मग! समोरच्या दुकानात ते दोघं कारागीर पेपर वाचत बसलेत. आमचाच पेपर नेलाय.

बाई : मग एवढं सगळं चोख असताना, बाबांचं नाव निघालं की तुमचा सूर का उतरतो?

लेक : ...हळू बोला.

बाई : वस्तादांचे कान शाबूत आहेत ताई. हळू बोलून फक्त मला ऐकू येणार नाही.

लेक : मग ऐकूच देत. सोमवारपासून मी त्यांना दुकानात आणणार नाही. आत्याकडे ठेवणार. ही खिडकीजवळची खुर्ची काढून तिथे दुसरा बाक टाकणार. त्यांना बघवत नाही हो, मी इथे उभी राहिलेली.

बाई : असं कुणी सांगितलं?

लेक : सांगायला कशाला पाहिजे? माझे एकाचे केस कापून होतात न होतात तोच यांचं बोट पाण्यावर. ठक ठक ठक. हातातलं टाकून धावत जाते, पेला तोंडाला लावते, तर ढकलतात! माझ्याच अंगावर. परवा एका गिऱ्हाइकाच्या डोक्यावर सांडला. नुकतं कोरडं केलेलं डोकं. परत भरून नेला, परत ढकलला. चेहरा लालबुंद. याला राग नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? तोंडाने बोलता येत नाही, म्हणून पाण्याने बोलतात.

बाई : प्रत्येक गिऱ्हाइकानंतर असं होतं?

लेक : प्रत्येक.

बाई : नक्की? एकही सुटत नाही?

लेक : तुम्ही पाहणी करताय की उलटतपासणी? थांबा... काल ते विमावाले काका आले होते. त्यांच्या वेळी नाही मागितलं. डोळे मिटून बसले होते.

बाई : आणि त्याच्या आधी?

लेक : आधी... एकदा त्या चुळबुळ्या पोराच्या वेळी. नाही मागितलं. पण त्याचं काय?

बाई : माहीत नाही. माहीत नसतं तेव्हा मी विचारत राहते, त्याचाच मला पगार मिळतो. ताई, बोलायची यंत्रं वाटणाऱ्या आमच्या समितीचा नियम असा आहे : पाणी, जेवण, औषध मागता येत असेल, तर गरज भागली असं समजावं. ज्यांनी हा नियम केला ते बैठकीत अखंड बोलतात आणि त्यात एकदाही पाणी मागत नाहीत.

लेक : म्हणजे आमचं नाव बसतच नाही नियमात. तेच तर म्हणतेय मी.

बाई : मी पाहणीला निघाले तेव्हा मलाही वाटलं होतं, घरोघरी जाऊन कागदावर खुणा करायच्या नि परत यायचं. एका घरी यंत्र पोचलं होतं. खोक्यातच होतं, खोक्यावर कुंडी. शिकवायला कुणी गेलंच नव्हतं. आमच्या कागदावर मात्र ‘पुरवले’. दुसऱ्या एका गृहस्थांना यंत्र मिळालं, पण तोवर त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. ‘वापरणाऱ्याची तक्रार नाही’ असं अहवालात आहे.

लेक : अगं बाई!

बाई : म्हणून आता मी यंत्र पिशवीत घेऊनच फिरते. हे बघा. शाळेच्या पाटीएवढं आहे. अक्षरं दाबायची, वाक्य झालं की हा हिरवा चौकोन. डाव्या हाताचं एक बोट पुरतं. वस्ताद, ठेवू मांडीवर? पुठ्ठा बाजूला करते. घाई नाही. बाकावरच्या मंडळींनाही नाही.

लेक : त्यांना आहे. पण ठेवा.

(यापुढे वस्ताद बोलतात ते यंत्रातून. आधी बराच वेळ बोट, मग आवाज.)

वस्ताद : आरसा.

लेक : अहो, हे कोण बोललं? ही तर बातम्या देणारी मुलगी!

बाई : आवाज बदलता येतो. थांबा, बोट अजून चालू आहे.

वस्ताद : आरसा पुसलेला नाही.

लेक : बाबा! इतक्या दिवसांनी तोंड उघडलंत आणि आरसा?

वस्ताद : डाग. उजव्या कोपऱ्यात.

लेक : हेच! बाई, हेच माझे बाबा! आवाज तेवढा दुसऱ्या कुणाचा.

बाई : पुरुषाचा आवाज लावू का वस्ताद?

वस्ताद : राहू दे. गिऱ्हाईक वाढेल.

लेक : बघा, बघा, बाक हसतोय. बाई, आता विचारा त्यांना. पाण्याचं विचारा.

बाई : तुम्हीच विचारा. तुमचे वडील आहेत.

लेक : ...बाबा, मी दुकान चालवलेलं तुम्हाला नको असेल तर सरळ सांगा. मी रडणार नाही. निदान गिऱ्हाइकांसमोर नाही. ते पाण्याचं काय आहे?

वस्ताद : पाणी

लेक : घ्या, परत पाणी! आणते—

बाई : ताई, बसा. तुम्ही उठलात की त्यांचं वाक्य तुटतं. ते त्यांनाच पुरं करू द्या.

वस्ताद : पाणी मला नको.

लेक : मग मागता कशाला?

वस्ताद : तुला.

लेक : मला? मला कुठे तहान लागलीय?

वस्ताद : तहानेचं नाही. दुकानाची रीत.

लेक : कसली रीत? कुठली रीत? मला कुणी कधी—

बाई : ताई, लांब वाक्य येतंय.

लेक : मी गप्प आहे. बघा ना, किती गप्प आहे मी. काका, तुम्हीही गप्प बसा.

वस्ताद : शिकाऊ कारागिराचं काम चोख उतरलं की वस्तादाने आपल्या हाताने पाणी द्यायचं. तोंडाने शाबासकी नाही. शेफारतात.

लेक : मी पेला त्यांच्या तोंडाला लावत होते. आणि ते माझ्याकडे सारत होते. बाबा, अहो मला कसं कळावं? दुकानातली रीत दुकानातल्यांना ठाऊक. मी तर ओट्यावर शिकलेली.

वस्ताद : बघायचो. घरच्या खिडकीतून.

लेक : काय बघायचात?

वस्ताद : ओट्यावरची डोकी. आत्याची मान साफ उतरली होती.

लेक : तेव्हा का नाही पाणी दिलंत मग?

वस्ताद : बाकीची डोकी पण बघितली.

लेक : ऐका! ऐका बाई, एका हाताने देतात आणि दुसऱ्याने... आणि ते विमावाले काका? त्यांच्या वेळी का नाही मागितलं पाणी?

वस्ताद : डावा कल्ला.

लेक : ...किंचित वर गेला होता.

वस्ताद : बोटभर.

लेक : ते तर ‘छान झालं’ म्हणाले!

वस्ताद : चष्मा काढून बसला होता.

बाई : वस्ताद, आता माझं काम. समितीला सांगावं लागेल की पाणी मागता येत असूनही यांना यंत्र का हवं. मी माझ्या भाषेत लिहिलं तर ते चार पानं होईल आणि कुणी वाचणार नाही. तुमच्या शब्दात काय लिहू?

वस्ताद : लिहा. पाणी मिळतं. देता येत नाही.

बाई : ...एवढंच लिहिते.

लेक : याच्यावर ते यंत्र देतील?

बाई : नाही दिलं तर समितीच्या प्रत्येक सभासदाला केस कापायला इथे पाठवीन. वस्ताद बघून घेतील. तोवर हे इथेच राहील. आणि मी येत राहीन शिकवायला. कुंडी ठेवायची नाही यावर.

लेक : कुंडी? इथे कंगवासुद्धा ठेवू देणार नाही कुणाला. काका, झालंच तुमचं. मान अशी करा. हं. साफ आहे ना मागे? बाबा, बघा बरं नीट. सांगून टाका काय ते, मी तयार आहे.

वस्ताद : जवळ आण.

लेक : काका, जरा उठा आणि त्यांच्याकडे पाठ करून उभे राहा. हो, तसेच, अंगावर फडकं असू दे. बाबा, कल्ले सारखे आहेत, मी दोनदा बघितलेत. कानामागे बघताय? तिथेही केलंय. बोला की काहीतरी! बाई, ते बोट का उचलत नाहीत?

बाई : ते यंत्राकडे बघतच नाहीयेत ताई. फळीकडे बघतायत. पेला कुठे असतो तुमचा?

लेक : ...हा इथे. भरते. घ्या बाबा. नाही, मी लावत नाही तोंडाला. तुम्ही धरायचा. डाव्या हाताने. पण सांडेल हो.

वस्ताद : सांडू दे.

बाई : घेतला त्यांनी पेला. दोन्ही हात पुढे करा ताई. तशीच रीत असणार.

लेक : अर्धा माझ्या बाहीवर गेला. उरलेला पिते. सगळा पिते. बाकावरच्यांनी तिकडे बघा जरा, काय लागलंय माझ्या तोंडाकडे बघायला?

बाई : आणि सोमवारी आत्याकडे पाठवायचं, त्याचं काय?

लेक : आत्यालाच सांगते, तूच ये इकडे. वाढले असतील तिच्या मानेवरचे केस. खुर्ची आहे तिथेच राहील. बाई, या यंत्राचा आवाज मोठा होतो का हो?

बाई : होतो. किती मोठा हवा?

लेक : कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत.

वस्ताद : पुढचा.