बिजलीबाईचा टाका

(मारेगावजवळचा तांडा, १९५९. बिजलीबाईची नात बसंती परवाच सासरी गेली. शेजारच्या गावातली तानाबाई भेटायला आली आहे.)

बिजलीबाई : तोंड कायले लपवतेस? मले तसंही दिसत नाई.

तानाबाई : लपवून नाई राह्यली वं. पाणी पिऊन राह्यली.

बिजलीबाई : पी. मंग सच सांग. बसंतीच्या गोधडीची माही बाजू कोनं उसवली?

तानाबाई : कोनी सांगतलं तुले?

बिजलीबाई : ह्या बोटांनी. चार काठाले चौघी बसलो. तू, लीलाबाई, सुखीबाई अन् मी. जिची बाजू तिनंच मधापर्यंत शिवत आणायची, हाच कायदा ना आपला? बारा साल झाले बसून तुमच्यासोबत. माहा टाका मी नाई वळखत?

तानाबाई : मीच उसवली.

बिजलीबाई : किती?

तानाबाई : सारी. तू तांड्यावर वापस गेली का रोज उसवायची अन् पुन्हा शिवायची. लीलाबाईनं टोकलंही मले.

बिजलीबाई : इतके वाकडे होते टाके?

तानाबाई : वाकडे अन् लंबे. एका जाग्यावर तं बोटभर दोरा लोंबत होता. पोरीचा पाय अडकला असता त्यात. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या सालापासून तुहे डोळे गेले, अन् तू आजवर कबूल केलं नाई. बसू नको म्हणाले जीभ नाई रेटली माही.

बिजलीबाई : उसवाले हात बरा रेटला!

तानाबाई : सासरचे हसतील म्हणून केलं वं. झरीकडची अनोळखी माणसं, नवी सून...

बिजलीबाई : हसू दे ना. माह्या आंधळ्या दादीनं शिवली, असं म्हणली असती पोरगी. आता काय म्हणन?

तानाबाई : तुहा जुना फेटिया आहे ना पोटात. माह्या लुगड्यावर तोच आंथरला.

बिजलीबाई : फाटका घागरा कोनाच्याही गोधडीत जाते, बाई. हात नाई जात.

तानाबाई : मंग पाठवणीच्या दिवशी काहून नाई बोलली? मी तिथंच बसली असती सुई घेऊन.

बिजलीबाई : तवाच तं समजलं मले. बैल जुपले होते. बसंतीनं गोधडी माह्या मांडीवर ठेवली. म्हणे, दादी, तुही बाजू दाखव.

तानाबाई : अन्?

बिजलीबाई : एक काठ चाचपला. दुसरा चाचपला. चारी झाले. माहा टाका कुठीच नाई. पोरगी वाट पाहून राह्यली, गाडीवाला बोंबलून राह्यला.

तानाबाई : काय सांगतलं मंग तिले?

बिजलीबाई : तिचं बोट धरलं अन् तुह्या टाक्यावर ठेवलं. म्हटलं, हा पाह्य. हा माहा.

तानाबाई : अवं माय! काय म्हणे ते?

बिजलीबाई : खुश झाली. म्हणे, इतका बारीक! तुले दिसते मंग, दादी. मी उगाच जीवाले घोर लावला, म्हणे.

तानाबाई : दिवाळीले येईनच ना ते? गोधडी सोबत आण म्हणा. मी उसवते, तू शिव. वाकडी तं वाकडी. दोरा मी ओवून देते.

बिजलीबाई : नको.

तानाबाई : राग नको धरू वं.

बिजलीबाई : राग नाई. नवं घर आहे, झोप लागत नसन तिले. त्याच टाक्यावर हात ठेवून निजत असन पोरगी.