मास्तरांचा दात कोणावर

मास्तर : …तेवढं राहून गेलं बघा, डॉक्टरीणबाई. उत्तर पाठवायला हवं होतं.

डॉक्टर : कसलं उत्तर, मास्तर?

मास्तर : तुमचं पत्र आलं होतं ना, मागच्या वर्षी. 'बऱ्याच दिवसांत आपली भेट नाही, आपल्या दातांची काळजी वाटते.' खाली सही होती.

डॉक्टर : अहो, ते छापील पत्र! सगळ्या जुन्या पेशंटना जातं. सहीसुद्धा छापीलच.

काकू : मी हेच सांगत होते. पण नवरा माझं ऐकेल तर ना! बसून कागदावर कागद फाडले. 'आपण आठवण ठेवलीत, मी संकोचून गेलो.' एवढं लिहून झालं की गाडी अडायची.

मास्तर : पुढे काय लिहायचं ते सुचेना.

डॉक्टर : 'दात दुखतोय' एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. बरं, आता स्वतः आलात, म्हणजे उत्तर पोचलं. बसा. मागे टेका. अजून मागे. खुर्ची पळून जात नाही, मास्तर. आणि मला 'तुम्ही' कसलं म्हणता? माझे शाळेचे फ्रॉक कोणी शिवले?

मास्तर : तेव्हा तू लहान होतीस. आता हातात हत्यारं आहेत.

काकू : बघा, वेळ आली की बोलतात.

डॉक्टर : काय होतंय?

मास्तर : डावीकडची खालची शेवटची दाढ. काढून टाका.

डॉक्टर : तपासायच्या आधीच निकाल? गिऱ्हाईक कापड घेऊन आलं आणि म्हणालं, 'इथून कापा,' तर कापायचात?

मास्तर : छे. आधी माप.

डॉक्टर : मग? आ करा. मोठा… आणखी. एवढाच? माझी दोन बोटंसुद्धा जात नाहीत.

काकू : तोंड उघडायची सवय कुठे आहे त्यांना? लग्न झालं आणि मला वाटलं, मुक्याच्या गळ्यात बांधली. काही विचारलं की नुसतं 'हं'. मग एकदा दुकानात डबा घेऊन गेले तेव्हा कळलं, तोंडात टाचण्या आहेत.

मास्तर : आ… आं…

डॉक्टर : काकू, ते काहीतरी म्हणतायत.

काकू : ते म्हणतायत, घरी टाचण्या नसायच्या. मग घरी का नाही बोललात, सांगा डॉक्टरांना.

डॉक्टर : आत्ता नको सांगू देत, माझा आरसा आत आहे. समोरच्या दाताला ही खाच बघा, काकू. कानशीने घासल्यासारखी आहे. दोरा तोडून तोडून पडलेली.

काकू : गळ्यात कात्री लटकायची आणि दोरा मात्र दाताने! माझं कोण ऐकतंय.

डॉक्टर : असू दे, ती जुनी आहे, दुखत नाही. आता या दाढेवर ठोकते. दुखलं?

मास्तर : अंहं.

डॉक्टर : गार हवा सोडते. झणझणलं? नाही? मग आल्याआल्या काढलेला एक्स-रेही खरं बोलतोय. कीड नाही, मुळाशी पू नाही, हिरडीही बरी आहे. आता इथे गालावर दाबते.

मास्तर : आई गं!

डॉक्टर : सापडलं. आणि इथे, कानाच्या पुढे बोट ठेवते. हळूच मिटा, परत उघडा. ऐकलंत काकू? 'कट्' असं वाजलं.

काकू : जेवताना वाजतं. मला वाटलं खडा लागला. म्हणून मी तांदूळ दोनदा निवडते आजकाल.

डॉक्टर : सकाळी उठल्यावर जास्त दुखतं ना? जबडा आखडलेला, कानशिलं ठणकतायत?

मास्तर : हो. मी कानाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. ते म्हणाले, कान स्वच्छ आहे. मला फार ओशाळल्यासारखं झालं. उगाच त्यांचा वेळ घेतला.

डॉक्टर : कानात काही नाही आणि दाढेतही काही नाही. बिचाऱ्या दाढेला तुम्ही फासावर चढवायला निघाला होतात. दुखतोय तो जबड्याचा स्नायू आणि त्याचा सांधा. दाढांचे उंचवटे बघा, घासून पाटासारखे सपाट झालेत. मास्तर, तुम्ही रात्री दात धरता.

मास्तर : मी? नाही हो. मी कोणावर दात धरणारा माणूस नाही. घरात कोणाचा कोणावर असलाच, तर…

काकू : असलाच तर काय?

मास्तर : काही नाही.

काकू : नाही, बोला ना. घरात आहोत दोघंच. तुमचा नाही, तर उरलं कोण?

डॉक्टर : अहो, भांडू नका! मी खऱ्या दातांबद्दल बोलतेय. झोपेत वरचे दात खालच्यांवर दाबून धरता आणि घासता. दात खाणं म्हणतात ना, ते. पुष्कळ लोक खातात. काकू, रात्री करकर आवाज येत असेल की तुम्हाला.

काकू : मी… मी तिकडच्या खोलीत झोपते.

डॉक्टर : बरं. कधीपासून?

काकू : दुकान बंद केलं, त्यानंतर. गुडघे दुखतात माझे. तिकडची कॉट जरा उंच आहे, उठायला बरी पडते.

मास्तर : दोन्ही सारख्याच उंच आहेत.

काकू : काय?

मास्तर : मी टेपने मोजल्या.

काकू : कॉट मोजलीत? अहो, मला एका शब्दाने विचारायचं सोडून तुम्ही कॉट मोजलीत?

मास्तर : तू भाजी आणायला गेली होतीस.

डॉक्टर : मास्तर, दुकान बंद झाल्यावरच हे दुखणं सुरू झालं का?

मास्तर : आधीपासून थोडं असेल. पण जोर धरला तो नंतरच.

डॉक्टर : असं होतं. मनात काही दाबून ठेवलं की रात्री जबडा ते दळत बसतो. त्यात तुमचा जबडा जन्मभर टाचण्या धरून तयार झालेला. घाबरू नका, काढायचं काही नाही. दातांवर बसणारी एक पातळ पट्टी करून देते, रात्री घालायची. झीज व्हायची ती पट्टीची होईल, दातांची नाही. त्यासाठी आता तुमचं माप घ्यायचंय.

मास्तर : माझं माप?

डॉक्टर : आता कळेल गिऱ्हाइकाला कसं वाटतं ते.

मास्तर : जरा सैल ठेव, बेटा. अंगासरशी झालं की श्वास कोंडतो.

डॉक्टर : ही अंगासरशीच लागते. हा ट्रे, त्यात हा मळलेला लगदा. तोंडात बसवते. नाकाने श्वास घ्या. घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. काकू, हा ट्रे इथे धरून ठेवाल जरा? पलीकडच्या बाईंचा गाल बधिर झाला का, बघून येते.

(डॉक्टर पलीकडच्या खोलीत जातात.)

काकू : घ्या. बसा आता तोंड बंद करून. तुम्हाला काय, सवयच आहे.

मास्तर : अं.

काकू : कॉट मोजली म्हणे. आणि मापं घेऊन गप्प बसलात? तुम्हाला कळलं होतं की गुडघ्याचं खोटं आहे, तरी बोलला नाहीत?

मास्तर : अं…

काकू : नाही दुखत माझे गुडघे. म्हणजे दुखतात, पण तेवढे नाही. तुम्ही दात खायचात. पहिल्या रात्री मला वाटलं, कपाटामागे उंदीर आहे. दिवा लावला, तर तुम्ही. जबडा असा आवळलेला, कपाळावर ह्या आठ्या! इतक्या वर्षांत तुम्हाला चिडलेलं बघितलं नाही मी. कापड जाळलं तरी चिडला नाहीत.

मास्तर : अं.

काकू : ते निळं कापड. इस्त्री विसरले होते मी. तेव्हाही 'हं' म्हणालात आणि दुसरं आणलंत. आणि तोच माणूस झोपेत दातओठ खातोय! म्हटलं, एवढा राग कोणावर असणार? दुकान बंद करा म्हणून मागे लागले कोण? मीच. तुम्ही शटर ओढलंत, किल्ली माझ्या हातात ठेवलीत आणि चकार शब्द काढला नाहीत. दिवसा काही बोलायचं नाही आणि रात्री करकर, करकर. मला ते ऐकवेना. उशी घेतली आणि गेले तिकडे.

मास्तर : अं! अं अं अं!

काकू : हलू नका, माप बिघडेल. मग पट्टी वाकडी येईल आणि नाव माझं होईल. शांत बसा. मी विचारते, तुम्ही सांगा. माझ्यावर राग असेल तर एकदा 'अं' करा. नसेल तर दोनदा. खरं सांगायचं. मी काही रडणार-बिडणार नाही.

मास्तर : अं.

काकू : …आहे म्हणजे. बरं. असू दे. मला वाटलंच होतं.

मास्तर : अं.

काकू : हा दुसरा होता?

मास्तर : अं अं!

काकू : अहो, मग दोन 'अं'च्या मध्ये एवढा वेळ लावतात का? जीव गेला ना माझा इथे!

डॉक्टर : (परत येऊन) काय चाललंय? काकू, डोळ्यांत काय गेलं?

काकू : तो तुमचा लगदा झोंबतो.

डॉक्टर : लगदा त्यांच्या तोंडात आहे. सोडा, काढते मी. आ करा… हं, निघालं. सुंदर आलंय माप. चूळ भरा.

मास्तर : थांब, चूळ नंतर. अगं, ऐक. राग नव्हता. कधीच नव्हता. शिलाई मशीन विकलं गेलं तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण काजं वाकडी यायला लागली होती. गिऱ्हाईक भिडेपोटी काही म्हणत नव्हतं. हे मला तुझ्याआधी कळलं होतं. दुकान बंद कर, असं स्वतःला सांगायचा धीर नव्हता. तू सांगितलंस म्हणून सुटलो.

काकू : मग किल्ली देताना तसं म्हणायचं की!

मास्तर : म्हणणार होतो. तेवढ्यात तू किल्ली पदराला बांधलीस आणि आमटी कशात करू म्हणून विचारलंस.

डॉक्टर : मास्तर, हनुवटीवरचा लगदा तरी पुसा.

मास्तर : पुसतो. आणि रात्री दळत होतो ते दुकान नव्हतं. मला वाटलं, तू कंटाळलीस. दुकानात असायचा तो माणूस दिवसभर घरात. जाशील तिथे पायांत. म्हटलं, दिवसभर सोसते, रात्री तरी सुटका हवी असेल तिला. म्हणून गेली तिकडे.

काकू : पण मी तर तुमचे दात वाजायला लागल्यावर गेले!

मास्तर : मला काय ठाऊक ते वाजतात? मी झोपेत असतो.

डॉक्टर : म्हणजे हे दात खातात म्हणून तुम्ही गेलात आणि तुम्ही गेलात म्हणून हे आणखी खायला लागले. वा! मी आजवर दातांची पोकळी भरत आले, पण असला खड्डा पहिल्यांदा बघितला.

काकू : तुम्ही हसू नका हो. कंटाळायला काय झालं? स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे. मला वाटायचं, काहीतरी हवंय, मागायची लाज वाटतेय. म्हणून दर वेळी चहा टाकायचे.

मास्तर : मला चहा नको असायचा.

काकू : मग कप रिकामा करायचात तो?

मास्तर : तू केलास म्हणून.

काकू : आणि उभे कशाला राहायचात?

मास्तर : उगीच. तू दिसायचीस.

डॉक्टर : मी परत पलीकडे जाऊन येऊ का?

काकू : गप्प बसा हो तुम्ही. काय काय करायचं ते सांगा.

डॉक्टर : सांगते. सकाळ-संध्याकाळ गालाला गरम कापडाचा शेक. काही दिवस मऊ खाणं, कडक नको. जांभई आली की हनुवटीखाली हात धरायचा, जबडा सताड उघडायचा नाही. दोरा दाताने तोडायचा नाही.

काकू : अजून तोडतात. माझी बटणं लावून देतात आणि कट्!

डॉक्टर : आता कात्री. आणि मुख्य गोष्ट, मास्तर. जेवताना सोडलं, तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायला नकोत. ओठ मिटलेले, दात सुटे. दिवसातून मधूनमधून आठवा आणि जबडा सैल सोडा. काकू, त्यांच्याकडे बघून तुम्हीच आठवण करा.

काकू : म्हणजे मी त्यांना सारखं 'सोडा, सोडा' म्हणायचं?

मास्तर : ते तू म्हणतेसच.

डॉक्टर : पट्टी पुढच्या आठवड्यात मिळेल. तिने दात खाणं एका रात्रीत थांबत नाही, दात मात्र वाचतात. आवाजही कमी होईल. पण तोवर करकर चालणार. ज्याला सोसायची आहे त्याने सोसावी.

मास्तर : मग हा आठवडा तू तिकडेच झोप. उगाच जागरण नको. तुला झोप लागायची नाही.

काकू : तिकडे तरी कुठे लागत होती.