शेंदराची भिंत

ज्या साली चिंचवलीपेठेतल्या रंगनाथ कासाराच्या थोरल्या लेकीचं, मालनचं, लग्न झालं, त्या सालची ही गोष्ट. पण गोष्टीआधी एक विचारतो, मंडळी! घराच्या भिंतीची आतली बाजू ज्याची त्याची. आत तुम्ही गादीवर लोळा नाहीतर जमिनीवर, कोण विचारतं! पण त्याच भिंतीची बाहेरची बाजू — जिच्याखालून शेजारीण पाण्याला जाते, पोरं शाळेला जातात — ती कुणाची? सांगा की!

 बरं, उत्तर राहू द्या, आधी ऐका.

रंगनाथ कासार भांड्यांचा व्यापारी. सज्जन माणूस हो! एकादशी कधी मोडली नाही, दारातून कधी कुणी उपाशी गेला नाही. लेकीच्या लग्नाला घराचा दर्शनी भाग असा रंगवला, की व्याही पायरीवर पाय ठेवायला बिचकले. आणि मागं? मागच्या बोळाला लागून परसाची दगडमातीची जुनी भिंत, दोन पुरुष उंच. तिला पोट आलेलं! वऱ्हाड काही मागच्या बोळानं येत नाही ना — मग कशाला बघा तिकडं!

बोळाच्या पलीकडं, भिंतीसमोरच, तानूबाई राहायची. एकटी बाई, गोधड्या शिवून पोट भरायची. दारात शिवत बसली, की डोळा सुईवर कमी आणि भिंतीवर जास्त. पोरं दिसली की ओरडायची, "मेल्यांनो, भिंतीकडनं नको! माझ्या दाराकडनं जा!" रंगनाथाला दोनदा सांगून बघितलं. "बघू, पावसाळा होऊ दे," तो म्हणाला. शेवटी तिनं नगरपरिषदेत अर्ज दिला.

आता नियम काय होता? धोक्याची भिंत मालकानं आपण होऊन उतरवावी, नाहीतर नगरपरिषद उतरवेल. आणि नवी बांधायची तर दीड हात आत घेऊन, कारण बोळ अरुंद. हं! इथं घोडं पेंड खात होतं! जुनी उभी आहे तोवर ती दीड हात जागा आपली. उतरवली, की बोळाची!

"अहो, टाका उतरवून," त्याची बायको, इंदुमती, म्हणाली. "दीड हातात काय पिकणार आहे आपलं?"

"आजोबांनी घातलेली हद्द आहे ती."

"हद्द वाकली आहे, अहो! बोळात डोकावतेय!"

"तू स्वयंपाकघरातलं बघ."

आषाढात नगरपरिषदेचा मुकादम आला, हणमंत भिसे नावाचा. भिंतीवर हात फिरवून म्हणाला, "शेठ, सोमवारी माणसं घेऊन येतो. तुम्हीच उतरवलीत तर तुमचे दगड शाबूत राहतील."

रविवारी भर दुपारी, गल्ली जेवून आडवी झाली असताना, रंगनाथानं काय केलं? वाटीत शेंदूर घेतला. तेलात कालवला. बोळात गेला, भिंतीतून पुढं आलेला एक काळा दगड हेरला, आणि फासला! दुकानात देवाचे चांदीचे डोळे विकायला होतेच. दोन चिकटवले. झाला मारुती!

हसू नका! तुमच्याही कुंपणावर कुणी थुंकू नये म्हणून देवाच्या फरश्या बसवल्यात ना? देवाला राखणीला ठेवलंत — पगार काय देता?

सोमवारी भिसे आला. चार माणसं, पहारी, टिकाव. दगड बघितला आणि थबकला.

"शेठ... हा कधीपासून?"

"आजोबांच्या वेळचा. गिलाव्याखाली झाकला होता. पावसानं गिलावा सुटला," रंगनाथ म्हणाला. जीभ अडखळली नाही. एकादशीची जीभ ती!

भिसे शनिवार करणारा माणूस. त्यानं टिकाव खाली ठेवला. पायातल्या वहाणा काढल्या. हात जोडून म्हणाला, "माझ्यानं व्हायचं नाही. साहेबांना काय सांगायचं ते सांगतो."

भिंत राहिली! रंगनाथ दोन घास जास्त जेवला. इंदुमतीनं वाढता वाढता त्याच्या नखांतला शेंदूर बघितला.  वाढणं अर्धं टाकून आत गेली.

आणि मंडळी, संध्याकाळी दारात कोण? तानूबाई! डोळ्याला पदर लावलेला.

"शेठ, चुकले मी. देवाच्या भिंतीवर मी अर्ज केला! उद्या जाऊन मागं घेते. मला माफी आहे का हो?"

काय बोलावं त्यानं? एक वाक्य पुरे होतं. "बाई, तो दगड आहे." एवढंच! ते ओठापर्यंत आलंही. पण मागं इंदुमती उभी, ओसरीवर गिऱ्हाईक बसलेलं. रंगनाथ म्हणाला, "असू दे, तानूबाई. देव क्षमाशील आहे."

मंडळी, इथं थांबा. भिंत एवढे दिवस वाकली होती, तरी बोळातलं एक पोर दगावलं नव्हतं. का? तानूबाईला भीती वाटत होती म्हणून! ती भीतीच बोळाची राखण करत होती. रंगनाथानं ती काढून घेतली. दीड हातासाठी!

भिंत म्हणे माझी, भार देवा तुझा,
असा कैसा बोजा टाकियेला!

श्रावण लागला. शनिवारी रुईच्या माळा येऊ लागल्या. तानूबाई रोज सकाळी भिंतीखाली झाडायची, सडा घालायची. "इथनं जा रे, देवाच्या पाया पडून जा!" आता ती पोरांना बोलवायची. रंगनाथाला मागच्या खिडकीतून ते ऐकू यायचं. त्यानं खिडकी लावून घेतली.

"सांगा तिला," इंदुमती म्हणायची.

"चार महिन्यांनी बघू. लोक विसरले, की गुपचूप आतून टेकू देतो."

"लोक विसरतील. भिंत विसरेल का?"

भाद्रपदात झड लागली. शनिवारी सकाळी रंगनाथानं मागचं दार उघडलं, तर भिंतीच्या आतल्या अंगाला फट. हात जाईल एवढी! आतली माती भुळुभुळु वाहत होती. तो अनवाणी धावला. वळसा घालून बोळात आला. तानूबाई खाली बसलेली. पदराचा आडोसा करून निरांजन लावत होती. बोळाच्या तोंडाशी पाच-सात माणसं माळा घेऊन उभी.

"तानूबाई! लांब हो! भिंत येतेय!"

"मारुतीराया आहे की, शेठ! त्याच्या पायाशी कसलं भ्या?"

रंगनाथानं माणसांकडं बघितलं. अर्धा श्वास, मंडळी! अर्धा श्वास त्यानं आपल्या अब्रूला दिला. मग ओरडला, "तो मारुती नव्हे! मी शेंदूर फासलाय! मी! जागेसाठी!"

तानूबाईनं मान वळवली. तिला वाईट वाटलेलं दिसलं — स्वतःसाठी नव्हे, त्याच्यासाठी. "शेठ, देवाला असं बोलू नये," ती म्हणाली आणि वात पुढं सारायला वाकली.

भिंत आली.

रंगनाथानं हातांनी दगड उपसले. नखं गेली. भिसे मुकादम आला, तोही उपसायला लागला. रडत होता, म्हणत होता, "मी हात का आखडला? मी का आखडला?"

नवी भिंत दीड हात नव्हे, तीन हात आत झाली. कुणी मागितलं नव्हतं. रंगनाथानं दिलं. पण ती जागा आता रिकामीच राहायची. तानूबाईच्या दाराला कुलूप होतं.

मंडळी, नगरपरिषदेचा कागद आला की आपण म्हणतो, आली कटकट! कठडा बांधा, पन्हळ वळवा, वाळलेली फांदी तोडा. आपण सबबी शोधतो. कुणी ओळखीचा साहेब शोधतो, कुणी देव. तो कागद म्हणजे एका तानूबाईची भीती असते, साध्या शब्दांत लिहिलेली. तिला हसू नका. तिला गप्प करू नका. उद्या सकाळी देवघरात जाण्याआधी घराभोवती एक फेरी मारा. पत्रा हलतो का बघा. कठड्याला हात लावून बघा. त्याच्याखालून कोण जातं, त्याचं नाव आठवा. आणि मग देवापुढं उभे राहा.

तानूबाई त्या साली भाद्रपद वद्य षष्ठीला, शनिवारी सकाळी, रंगनाथ कासाराच्या भिंतीखाली वारली. रंगनाथ पुढं पुष्कळ जगला. तो किती वर्षांनी, एका माघात वारला, तापानं.